दाढी करणे (चेहऱ्यावरील अवघड भाग)

चेहऱ्यावर उगवणारे केस वस्तरा, रेझर, कात्री किंवा विजेच्या यंत्राने कापण्याच्या क्रियेस दाढी करणे किंवा श्मश्रुकर्म असे म्हणतात. गालांसारख्या सपाट भागांवर ही क्रिया सोपी असते. मात्र नाकाखालची पन्हळ, खालच्या ओठाखालचा खळगा, जबड्याची कड, कंठमण्याभोवतीची मान, कल्ल्यांची टोके, नाकपुड्या आणि कान हे भाग अवघड मानले जातात. दाढी करताना कापणे, पुरळ येणे, केस त्वचेत रुतणे अशा तक्रारी बहुधा याच भागांत उद्भवतात. या अवघडपणाचे मूळ पात्याच्या धारेत नसून त्वचेचा उंचसखलपणा आणि केसांची बदलती दिशा यांत असते. त्यामुळे अधिक धारदार पाते किंवा अधिक जोर हा त्यावरील उपाय ठरत नाही. या लेखात या भागांची रचना, तेथील केस कापण्याच्या पद्धती, साधने, संभाव्य विकार आणि स्वच्छता यांची माहिती दिली आहे.

शब्दव्युत्पत्ती

‘श्मश्रू’ हा दाढीमिशांसाठी असलेला संस्कृत शब्द आहे. मराठीतील ‘दाढी’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘दाढिका’ या शब्दाशी आहे. ‘हजामत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणे असा होतो. पूर्वी अनेक देशांत केस कापणे आणि किरकोळ शस्त्रक्रिया ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करीत असे, याची खूण या शब्दात उरली आहे. ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तरा’ या शब्दापासून, तर ‘न्हावी’ हा संस्कृत ‘नापित’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे. दाढीचे दोन-तीन दिवस वाढलेले आखूड केस म्हणजे ‘खुंट’, आणि कानासमोर गालावर उतरणारे केस म्हणजे ‘कल्ले’ होत.

केसांची व त्वचेची रचना

बालपणी चेहऱ्यावर फक्त मऊ, फिकट लव असते. पौगंडावस्थेत पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावामुळे ओठावर, हनुवटीवर व गालांवर या लवेच्या जागी जाड, रंगयुक्त केस येऊ लागतात. दाढीचे केस दररोज साधारणपणे ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतात.

प्रत्येक केस त्वचेतील केशकूपातून तिरका बाहेर येतो. हा तिरपेपणा ज्या बाजूस असतो, ती केसांची दिशा होय. गालांवर ती बहुतेक पुरुषांत वरून खाली असते. जबड्याच्या कडेखाली मात्र ती अनेकदा एकाएकी बदलते. मानेवरील केस काहींत खालून वर, काहींत आडवे, तर काहींत भोवऱ्यासारखे वाढतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ही दिशा सारखीच असेल असेही नाही. दिशा ओळखण्याचा साधा मार्ग म्हणजे दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट चारी बाजूंनी फिरवून पाहणे. ज्या बाजूने बोट गुळगुळीत सरकते ती सुलट दिशा आणि ज्या बाजूने टोचते ती उलट दिशा होय.

कोरडा केस कडक असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो व मऊ होतो, आणि तो कापण्यास लागणारा जोर पुष्कळ कमी होतो. त्यासाठी कोमट पाण्याचा दोन-तीन मिनिटे संपर्क पुरेसा असतो. स्नानानंतर दाढी सुलभ होते, त्याचे कारण हेच आहे. साबणाचा फेस हे पाणी केसांपाशी टिकवून धरतो आणि पात्याचे त्वचेवरील घर्षण कमी करतो.

अवघड भाग व तेथील पद्धती

नाकाखालचा भाग: नाकाच्या मधल्या पडद्यापासून वरच्या ओठापर्यंत एक उभी पन्हळ असते. या पन्हळीच्या दोन्ही कडा उंच असल्यामुळे रुंद डोक्याचा रेझर मधल्या केसांपर्यंत पोहोचत नाही, शिवाय वर नाक आडवे येते. वरचा ओठ दातांवर खाली ओढून धरल्यास पन्हळ उथळ होते. नाकाचा शेंडा बोटाने हळूच वर उचलल्यास पात्याला जागा मिळते. येथील केस दाट असतात, म्हणून हा भाग साबण लावल्यावर सर्वांत शेवटी करावा; तोवर केस अधिक भिजतात. अनेक आधुनिक रेझरांच्या पाठीवर याच कामासाठी एक सुटे अरुंद पाते बसवलेले असते.

ओठाखालचा खळगा: खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामध्ये आडवा खोलगटपणा असतो. जीभ आतून खालच्या ओठामागे दाबल्यास किंवा खालचा ओठ दातांवर आत ओढून घेतल्यास हा भाग ताणला जातो. ओठांच्या कोपऱ्यांतील केसांसाठी गाल आतून जिभेने फुगवितात.

जबड्याची कड: येथे त्वचेखाली लगेच हाड असते आणि पृष्ठभाग एकदम वळतो. पाते सरळ पुढे नेल्यास ते कडेवर टेकते व त्वचा कापते. म्हणून त्वचा कानाच्या दिशेने वर ओढतात. त्यामुळे कडेखालचे केस गालाच्या सपाट भागावर येतात आणि मग छोट्या फटक्यांनी कापता येतात. वायुगाळणीचे घट्ट बसणारे मुखवटे वापरणाऱ्या कामगारांच्या व अग्निशामक जवानांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. मुखवट्याची कड गाल, जबडा व हनुवटी यांवर टेकते. तेथे खुंट असतील तर फट राहून विषारी वायू किंवा धूर आत शिरू शकतो.

मान व कंठमणी: कंठमण्याच्या उंचवट्यावर पात्याचा दाब एकाच जागी पडतो, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत केस सुटतात. या वेळी आवंढा गिळून तो क्षणभर रोखून धरल्यास कंठमणी वर सरकतो. दुसरा मार्ग म्हणजे त्यावरील त्वचा बोटांनी बाजूला सरकवून, सपाट झालेल्या जागी पाते फिरविणे. मान फार मागे टाकू नये. तशाने त्वचा अतिशय ताणली जाते, केशकूपांची तोंडे वर येतात आणि सूक्ष्म जखमा होतात. मानेवर केसांची दिशा सर्वाधिक बदलते. म्हणून येथे एकाच लांब फटक्याऐवजी दिशेनुसार लहान लहान फटके मारणे श्रेयस्कर असते.

कल्ले व कानालगतचा भाग: कल्ल्यांची दोन्ही टोके सारख्या उंचीवर आणण्यासाठी कान हा आधार धरू नये, कारण बहुतेकांचे दोन कान किंचित वरखाली असतात. आरशात सरळ समोर पाहून, दोन्ही तर्जन्या कल्ल्यांच्या टोकांवर ठेवून उंची ताडून पाहावी. कानाच्या पाळीमागील केसांसाठी कान हाताने पुढे दुमडून धरतात.

नाकातील केस

नाकपुडीच्या पुढच्या भागातच जाड केस असतात. श्वासाबरोबर येणारी धूळ व मोठे कण ते अडवितात. २०११ साली तुर्कस्तानातील संशोधकांनी हंगामी ॲलर्जीच्या सर्दीच्या २३३ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात नाकात दाट केस असलेल्यांमध्ये दम्याचे प्रमाण कमी आढळले. एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु हे केस निरुपयोगी नाहीत या समजाला त्यातून दुजोरा मिळतो. म्हणून नाकाबाहेर डोकावणारी टोके तेवढी कापावीत, आतील केस निपटून काढू नयेत.

त्यासाठी गोलसर बोथट टोकांची छोटी कात्री किंवा नाकासाठीचा विजेवर चालणारा ट्रिमर वापरतात. ट्रिमरचे पाते जाळीच्या आत फिरत असल्याने ते त्वचेला थेट लागत नाही. पुरेसा उजेड असावा, नाक आधी शिंकरून स्वच्छ करावे आणि साधन अर्ध्या सेंटिमीटरहून आत नेऊ नये.

चिमट्याने केस उपटणे धोक्याचे आहे. केस मुळासकट निघाल्यावर उघड्या पडलेल्या केशकूपात जीवाणू शिरतात. नाकाच्या पुढच्या भागात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू अनेक निरोगी माणसांतही वस्तीला असतो. त्यामुळे तेथे वेदनादायक पुळी होते. नाकाचे मूळ आणि ओठांचे दोन कोपरे यांच्यामधील त्रिकोणी भागातील नीलांचा कवटीच्या आतील नीलांशी संबंध असतो. क्वचित प्रसंगी येथील संसर्ग मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरापोकळीपर्यंत पोहोचून प्राणघातक गुठळी होऊ शकते. या भागातील पुळी कधीही पिळू नये. सूज डोळ्याकडे वाढल्यास, ताप आल्यास किंवा तीव्र डोकेदुखी झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

कानातील केस

मध्यम वयानंतर अनेक पुरुषांच्या कानाच्या छिद्रासमोरील उंचवट्यावर व पाळीच्या कडेवर जाड केस उगवतात. या उंचवट्याचे शास्त्रीय नाव ‘ट्रेगस’ असे आहे. बोकडाला ग्रीक भाषेत ‘त्रागोस’ म्हणतात. या जागी येणारा केसांचा झुबका बोकडाच्या दाढीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडले.

कानाच्या पाळीवरील दाट केस हे अनेक वर्षे आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत ‘वाय’ गुणसूत्रावरून पित्याकडून फक्त पुत्राकडे जाणाऱ्या लक्षणाचे उदाहरण म्हणून दिले जात असे. भारतातील कुटुंबांचे अभ्यास या मताला आधार म्हणून वापरले गेले होते. मात्र २००४ साली दक्षिण भारतातील पुरुषांच्या ‘वाय’ गुणसूत्रांची रेणवीय तपासणी प्रसिद्ध झाली. केसाळ कान असलेले आणि नसलेले पुरुष यांच्या ‘वाय’ गुणसूत्रांत तीत अपेक्षित फरक आढळला नाही. त्यामुळे हे उदाहरण आता सिद्ध मानले जात नाही.

कानाबाहेर दिसणारे केस कात्रीने किंवा ट्रिमरने कापावेत. कर्णनलिकेत साधन घालू नये, कारण तेथील त्वचा अतिशय पातळ असते आणि आत कानाचा पडदा असतो. नलिकेच्या बाहेरच्या भागातील बारीक केस व कानातील मळ दोन्ही मिळून धूळ आणि कीटक रोखतात. कापलेले केस आत पडू नयेत म्हणून डोके त्या बाजूस कलते ठेवावे. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर हे काम वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

साधनांचा विकास

उघड्या पात्याचा वस्तरा हे दाढीचे फार जुने साधन आहे. त्याच्या टोकाने नाकाखालचा भाग व कल्ल्यांच्या कडा नेमकेपणाने करता येतात. परंतु स्वतःच्या मानेवर तो फिरविण्यास सराव लागतो. अठराव्या शतकात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून त्वचेचे रक्षण करण्याची कल्पना मांडली. १८४७ साली इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सन यांनी मुठीला काटकोनात पाते बसविलेला, कुदळीच्या आकाराचा रेझर तयार केला. या रचनेमुळे स्वतःची दाढी स्वतः करणे सोपे झाले.

अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी वापरून टाकून देण्याजोग्या पातळ पात्याचा रेझर विकसित केला. १९०३ साली त्याची विक्री सुरू झाली आणि १९०४ साली त्यांना एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर पुरविले गेले आणि रोज घरीच दाढी करण्याची सवय रुजण्यास मदत झाली. जेकब शिक यांचा विजेवर चालणारा रेझर १९३१ साली, तर फिलिप्स कंपनीचा गोल फिरत्या पात्यांचा रेझर १९३९ साली बाजारात आला. १९७१ साली जिलेट कंपनीने दोन पात्यांचा रेझर आणला. पुढे पात्यांची संख्या वाढत गेली. पाती वाढली तसे रेझरचे डोके रुंद झाले आणि नाकाखालच्या अरुंद जागेत ते मावेनासे झाले. पाठीवरील सुट्या पात्याची गरज त्यातूनच निर्माण झाली.

महाराष्ट्रात गावगाड्यातील बारा बलुतेदारांमध्ये न्हावी हा एक होता. वस्तरा, कात्री, चिमटा, आरसा, वाटी आणि तुरटी ही साधने ज्या पिशवीत असत, तिला ‘धोकटी’ म्हणतात. दाढीबरोबरच नाकाकानांतील केस कापणे हाही त्याच्या कामाचा भाग असे. वारकरी संप्रदायातील संत सेना महाराज हे याच व्यवसायातील होते आणि व्यवसायातील साधनांची रूपके त्यांच्या नावावरील अभंगरचनेत आढळतात. आज केशकर्तनालयांत अखंड वस्तऱ्याऐवजी अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा प्रचलित आहे.

दाढीमुळे होणारे विकार

रुतलेले केस: केस फार खोल कापला गेला, तर त्याचे अणकुचीदार टोक त्वचेखाली जाते आणि वाढताना बाहेर न येता आतच वळते. कुरळा केस बाहेर येऊनही पुन्हा त्वचेत घुसतो. दोन्ही प्रकारांत लालसर, खाजणाऱ्या पुळ्या येतात व नंतर काळे डाग राहतात. वैद्यकात या विकारास ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ म्हणतात. तो मानेवर व जबड्याखाली अधिक आढळतो. त्वचा ताणून, उलट दिशेने, अनेक पात्यांच्या रेझरने दाढी केल्यास त्याची शक्यता वाढते. त्यामुळे ज्यांना हा त्रास होतो, त्यांनी त्वचा ताणण्याचा वर सांगितलेला उपाय बेताने वापरावा. केसांच्या सुलट दिशेने एकपाती रेझर वापरणे किंवा ट्रिमरने सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवणे त्यांच्यासाठी हितकर असते. विकार वाढलेला असल्यास काही आठवडे दाढी पूर्ण थांबविण्याचा किंवा लेसरने केस कमी करण्याचा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात. सावळ्या त्वचेवर लेसरचा प्रकार जपून निवडावा लागतो, अन्यथा भाजून डाग पडू शकतात.

केशकूपांचा जीवाणुसंसर्ग: पिवळसर पू असलेल्या, केसाभोवती उठणाऱ्या पुळ्या हे त्याचे लक्षण आहे. दाढीच्या भागात बुरशीमुळे होणारे गजकर्णही आढळते. ते जनावरांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांमध्ये विशेष दिसते. या दोहोंचे उपचार वेगवेगळे असल्याने स्वतःच्या मनाने मलम लावणे टाळावे.

स्वच्छता व संसर्ग

दाढी करताना डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म जखमा होतात. या कारणामुळेच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवरील केस वस्तऱ्याने काढू नयेत, आवश्यक असल्यास ते यंत्राने आखूड करावेत, अशी शिफारस केली.

या जखमांतून येणारे अल्पसे रक्त पात्यावर राहते. हिपॅटायटिस-बी या यकृताच्या रोगाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस-सी व एचआयव्ही यांच्या प्रसाराच्या दृष्टीनेही सामाईक पाते धोकादायक मानले जाते. केशकर्तनालयात प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरण्याची पद्धत एड्सविषयक जनजागृतीनंतर भारतात पुष्कळ रुळली. मात्र पात्याइतकेच तुरटीच्या खड्याकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. तुरटीमुळे त्वचा आकसते व बारीक रक्तस्राव थांबतो. परंतु एकच खडा अनेकांच्या ताज्या जखमांवरून फिरविल्यास त्यावर रक्त लागते. प्रत्येकासाठी वेगळा तुकडा किंवा तुरटीचे पाणी वापरणे सुरक्षित आहे. घरातही वडील, मुलगे व भाऊ यांनी एकमेकांचा रेझर वा नाकाचा ट्रिमर वापरू नये.

वापरानंतर रेझर पाण्याखाली धुऊन, झटकून कोरड्या जागी ठेवावा. पाते टोचू वा ओढू लागले की बदलावे. टाकाऊ पाती उघडी फेकल्यास सफाई कामगारांचे हात कापतात, म्हणून ती बंद डबीत साठवून टाकावीत.

वृद्ध व परावलंबी व्यक्तींची दाढी

वयानुसार गालांची व मानेची त्वचा सैल व पातळ होते, सुरकुत्यांत केस दडतात आणि हातांस कंप सुटतो. तरुणपणी सोपे असणारे भागही त्यामुळे अवघड होतात. दृष्टी मंदावल्याने नाकाकानांतील केस स्वतःस दिसत नाहीत. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीची दाढी दुसऱ्याने करताना तिला उशीच्या आधाराने शक्य तितके बसते करावे आणि पाच मिनिटे कोमट ओला पंचा चेहऱ्यावर ठेवावा. त्यानंतर सुरकुती दोन बोटांनी सपाट करून लहान फटके मारावेत. कवळी असल्यास ती तोंडात ठेवल्याने गाल भरीव राहतात.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत छोटी जखमही बराच वेळ वाहते, आणि मधुमेहींत ती भरून येण्यास विलंब लागतो. अशांसाठी रेझरपेक्षा विजेचा ट्रिमर सुरक्षित असतो. पूर्ण गुळगुळीत दाढीचा आग्रह येथे धरू नये. दाढी करण्यापूर्वी त्या व्यक्तीस विचारणे, मिशी किंवा कल्ले तिच्या सवयीप्रमाणे ठेवणे आणि शेवटी तिच्या हाती आरसा देणे हाही शुश्रूषेचा भाग मानला जातो.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधरवड्यातून तीन वेळा केस, दाढीमिशा व नखे कापावीत असे सांगितले आहे. भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात नाकातील केस कधीही उपटू नयेत असा निषेध आहे. त्याने दृष्टी दुर्बल होते, हे तेथे दिलेले कारण आधुनिक वैद्यकास मान्य नाही. निषेध मात्र संसर्गाच्या कारणाने आजही योग्य ठरतो.

गैरसमज

वारंवार दाढी केल्याने केस जाड, काळे व दाट होतात, हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाढीमुळे केसांच्या जाडीत, रंगात किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नसल्याचे दिसून आले. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, तर कापलेल्या केसाचे टोक बोथट असते. म्हणून तो स्पर्शाला खरखरीत व दिसण्यात जाड भासतो. पाते केसाचा त्वचेबाहेरील भाग कापते, वाढ मात्र त्वचेखालील मुळाशी होते.

जोराने दाबल्यास दाढी अधिक स्वच्छ होते, हाही गैरसमज आहे. दाबामुळे मऊ त्वचा पात्याच्या दोन्ही बाजूंना उचलली जाते आणि केसाऐवजी तीच कापली जाते. कंठमणी व जबड्याची कड येथे होणाऱ्या जखमांचे हे एक नेहमीचे कारण आहे.